मारुती ८००चा दरवाजा लोंबलाय, उचलून लावावा लागतो. वेल्डिंग, बुश (पिनभोवती बसणारी नळी) की नवा दरवाजा?

तापीकाठ_चोपडा

नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९९८ ची मारुती ८०० आहे, एमएच-१९ पासिंग. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी लागणारं नूतनीकरण वेळच्या वेळी केलंय, इंजिन पहिल्या सेल्फला सुरू होतं, गाडी विकायचा विचार अजिबात नाही. आईला गुडघ्यांमुळे एसटीची पायरी चढवत नाही. अमळनेर, पारोळा, जळगावचा दवाखाना, तिचं सगळं जाणं-येणं हिच्यावरच.

अडचण आहे डाव्या बाजूच्या पुढच्या दरवाज्याची. उघडला की मागची कड खाली येते. लावताना हँडल धरून वर उचलायचा आणि मग आत ढकलायचा, तेव्हा लॉक लागतं. खालचा कोपरा उंबऱ्याच्या पत्र्यावर घासून रंग गेलाय, आता तिथे गंज धरायला लागलाय. घाईत कुणी आपटला तर लॉक अर्धंच लागतं आणि गाडी चालताना खडखड सुरू होते.

एका गॅरेजात दाखवलं. त्यांनी मधल्या खांबावरचा लॉकचा खुंटा ढिला करून थोडा खाली घेतला. काही दिवस बरं गेलं, मग दरवाजा त्याहून खाली आला. दुसरे म्हणाले, बिजागरीला वेल्डिंगचे टाके मारू. तिसऱ्यांचं म्हणणं, भंगारातून अख्खा दरवाजा आणा आणि बसवा.

आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आलीय. बहिणी माहेरी येतील, गाडीला उसंत मिळणार नाही. त्याआधी हे नीट करायचंय. जॅक आहे, गोटी पान्यांचा सेट आहे, मदतीला भाचा आहे. नेमकं कुठून सुरू करू?

पाना_बारा

खुंट्याला आता हात लावू नका, कुणाला लावूही देऊ नका. खुंटा म्हणजे दरवाजा येऊन थांबतो ती जागा. दरवाजा खाली आला म्हणून खुंटा खाली घेत गेलात तर खरा दोष झाकला जातो आणि बिजागरीची झीज सुरूच राहते.

आधी ढिल कुठे आहे ते शोधा. गाडी सपाट जागेवर, चारही चाकांवर उभी करा. जॅकवर घेऊ नका. या गाड्यांना वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. एक कोपरा उचलला की बॉडीला पीळ बसतो आणि दरवाज्याच्या फटी बदलतात. दरवाजा बंद करून बाहेरून पाहा. मडगार्ड आणि दरवाजा यांच्यातली फट वर रुंद आणि खाली चिंचोळी दिसते का? आणि मागे, दोन दरवाज्यांमधली फट वर चिंचोळी आणि खाली रुंद? तसं असेल तर दरवाजा वरच्या बिजागरीपाशी मागे सरकलाय.

मग दरवाजा अर्धा उघडा. भाच्याला मागच्या कडेला खालून धरून हळूहळू वर-खाली करायला सांगा, जोर नको. तुम्ही वरच्या बिजागरीवर बोट ठेवा, अर्धं बोट एका पट्टीवर आणि अर्धं दुसरीवर. डोळ्याला दिसत नाही ती हालचाल बोटाला कळते. तीन गोष्टी संभवतात. पिन तिच्या भोकात हलत असेल. पिन घट्ट असून अख्खी पट्टी खांबावर किंवा दरवाज्यावर सरकत असेल, म्हणजे बोल्ट ढिले. किंवा पट्टी, बोल्ट सगळं घट्ट असून खांबाचा पत्राच आत-बाहेर होत असेल. तिन्हींचे उपाय अगदी वेगवेगळे आहेत. यातलं काय सापडतं ते लिहा, पुढचं त्यावर.

साक्री_जीपवाला

भाऊ, मनी जीपना दरवाजा बी असाच लोंबी गयथा. बठ्ठा म्हनेत नवा टाक. पिन काढी देखी त मजारमा घासाई घासाई बारीक व्हयी गयथी. नवी पिन टाकी, काम व्हयी गयं. पह्यले पिन देख, मंग पैसा काढ.

अमळनेरकर

इतका खटाटोप कशाला? आमच्या अँबेसेडरला जुने मिस्त्री एकच करायचे. दरवाजा उघडायचा, कडेखाली लाकडाचा ठोकळा, त्याखाली जॅक, आणि दोन-तीन पंप मारून दरवाजा वर द्यायचा. बिजागरी थोडी वाकून जागेवर येते. वर्षानुवर्षं चाललं आमचं.

पाना_बारा

अमळनेरकर, बिजागरी खरोखर वाकली असेल तर तुमची पद्धत लागू पडते. वाऱ्याने दरवाजा पुढे फेकला गेला, किंवा मागे घेताना उघडा दरवाजा झाडाला अडकला, तर पट्टी वाकते आणि ती उलट वाकवून जागेवर आणता येते. अँबेसेडरच्या जाड लोखंडाने ते सोसलंही असेल. पण पिन झिजली असेल तर जॅकचा जोर आधी पिनची ढिल खातो आणि मग सरळ खांबावर जातो. पंचवीस वर्षांच्या पातळ पत्र्याच्या खांबाला बोल्टाभोवती चीर पडली की काम चार पटींनी वाढतं. म्हणूनच आधी ढिल कुठे ते बघायला सांगितलं.

निवृत्त_फिटर_भुसावळ

मी रेल्वेत फिटर होतो, आयुष्य पिन-बुशातच गेलं, म्हणून सविस्तर लिहितो.

दरवाजा दोन बिजागऱ्यांवर लटकतो, पण दोघींवरचा भार सारखा नसतो. खालची बिजागरी आत दाबली जाते, वरची बाहेर ओढली जाते. सोयीसाठी आकडे धरू. दरवाजा १५ किलोचा, त्याचं वजन बिजागरीपासून ४५ सेंटिमीटरवर, आणि दोन बिजागऱ्यांमधलं अंतर ३५ सेंटिमीटर. १५ गुणिले ४५ भागिले ३५, म्हणजे वरच्या बिजागरीवर सतत १९ किलोची ओढ. दरवाजा नुसता उघडा असतानाची ही गोष्ट. आता गाडीतून उतरताना कुणी दरवाज्याच्या मागच्या टोकावर हात रेटून उठलं आणि ३० किलोचा भार टाकला. ३० गुणिले ९० भागिले ३५, म्हणजे आणखी ७७ किलो. एवढी ओढ बोटापेक्षा बारीक पिनवर येते. दिवसातून चार वेळा, वर्षानुवर्षं.

चोपडेकर, आपण आईंच्या गुडघ्यांचं लिहिलंत आणि दरवाजाही त्याच बाजूचा लोंबलाय. त्या दरवाज्याला धरूनच उठत असणार. त्यांना त्याबद्दल बोलू नका, त्यांच्यापुढे दुसरा आधार नाही. छताला आतून पकडायची मूठ बसवून द्या, आणि उतरताना पायाखाली ठेवायला एक बुटका पाट. हे केलं नाही तर नवी बिजागरीसुद्धा लवकर जाईल.

दुसरं गणित झिजेचं. वरच्या पिनमध्ये फक्त एक मिलिमीटर ढिल असेल तर मागची कड किती खाली येईल? ९० भागिले ३५, म्हणजे अडीच मिलिमीटरच्या वर. बिजागरीपाशी लोकांना काही दिसत नाही, मागे मात्र दरवाजा खाली आलेला ठळक दिसतो, म्हणून सगळे मागच्या बाजूलाच दुरुस्ती करत बसतात.

वेल्डिंगबद्दल. पिनवर टाका मारला तर एकतर बिजागरी फिरायची थांबते, नाहीतर टाका तुटतो. बिजागरी खांबाला वेल्ड केली तर पुढे दरवाजा जुळवायची सोयच संपते, आणि खांबाच्या आतला रंग जळून तिथून गंज सुरू होतो. वेल्डिंगची खरी गरज एकाच ठिकाणी असते, खांबाचा पत्रा फाटला असेल तर. त्याबद्दल चाचणीनंतर बोलू.

तापीकाठ_चोपडा

फिटर काका, आई दरवाज्याला धरूनच उठते. मूठ आणि पाट दोन्ही करतो.

आज सकाळी ऊन चढायच्या आत चाचणी केली. फटी पाना_बारा यांनी लिहिल्या तशाच निघाल्या. मडगार्डाकडची फट वर करंगळीचं टोक जाईल एवढी, खाली जेमतेम पोस्टकार्ड जाईल एवढी. भाच्याने दरवाजा हलवला तेव्हा वरच्या बिजागरीत पिन आणि पट्टी यांच्यामध्ये कटकट स्पष्ट जाणवली. पिनखाली तपकिरी भुकटी साचली होती, बोटाने पुसली तर लोखंडाची झीज आणि धूळ मिसळलेली. खालच्या बिजागरीची पिन चांगली आहे, पण तिचा खांबाकडचा एक बोल्ट हाताने फिरला.

खांबाचा पत्रा हलत नाही. मॅट उचलून बुंध्यापाशी स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहिलं, सगळीकडे टणक लागलं. आणखी एक सापडलं. दोन बिजागऱ्यांच्या मध्ये दरवाजा ठरावीक जागी अडवणारी जी पट्टी असते, तिची पिनच नाही. पट्टी मोकळी लोंबतेय.

केळीबाग_रावेर

ती अडवणीची पट्टी किरकोळ समजू नका. आपल्याकडे चैत्र-वैशाखात दुपारी वावटळ उठते, तेव्हा मोकळा दरवाजा वारा धरतो आणि पार मडगार्डापर्यंत जाऊन आदळतो. तो धक्का बिजागरीवरच येतो. आमच्याकडे केळी भरणाऱ्या पिकअप गाड्या रोज बागेत येतात. क्लीनर पोरं दरवाज्याला लटकून मागे बघत गाडी मागे घ्यायला लावतात. त्या गाड्यांचे दरवाजे पाहिले की फिटर काकांचं गणित डोळ्यांपुढे उभं राहतं.

त्या तपकिरी भुकटीबद्दल. काळ्या मातीची धूळ फार बारीक असते. बिजागरीला बाहेरून ग्रीस थापलं की धूळ त्यात बसते आणि पिनला घासत राहते. आम्ही उघड्या पिनांना ग्रीस लावणं बंद केलं. आता आधी फडक्याने पुसायचं, पातळ तेलाचे दोन थेंब, दरवाजा पाच-सहा वेळा उघड-बंद, आणि बाहेर आलेलं काळं तेल पुन्हा पुसून घ्यायचं.

धुळ्याची_लेक

अर्धं लॉक लागतं हे वाचून राहवलं नाही. कारच्या दरवाज्याचं लॉक दोन टप्प्यांत लागतं. पहिल्या टप्प्यात दरवाजा अडकतो पण नीट आवळला जात नाही. दुसरा टप्पा लागला तरच तो खरा बंद. पहिल्या टप्प्यावर गाडी हाकणं धोक्याचं आहे, त्यात त्या बाजूला वयस्कर माणूस बसतं. दुरुस्ती होईपर्यंत आईंना मागच्या सीटवर, चांगल्या दरवाज्याकडे बसवा आणि पट्टा लावा.

माझाही एक प्रश्न आहे. आमच्या ओम्नीचा सरकता दरवाजा मागून खाली बसलाय, उघडताना करकरतो. त्याला तर बिजागरीच नाही. तिथे काय झिजतं?

पाना_बारा

ताई, ओम्नीचा दरवाजा चाकांवर चालतो. वर एक, खाली एक आणि बाहेरच्या पत्र्यावरच्या रुळात मधलं एक, असे तीन आधार. मागून बसला म्हणजे बहुधा मधल्या आधाराचं चाक झिजलंय. रूळ ब्रशने झाडून काढा, आत खडी आणि मातीचा थर असतो. मग चाक बोटाने फिरवून पाहा, त्याला सपाट पैलू पडला असेल तर बदला. रूळ वाकला नसेल तर दरवाजा जागेवर येतो.

चोपडेकर, चाचणी छान केलीत. म्हणजे वरची पिन झिजलेली, खालचा एक बोल्ट ढिला, अडवणी मोकळी. दरवाजा बदलायचं कारणच नाही. दरवाजा चांगला आहे, तो ज्यावर लटकतो ती पिन गेलीय. त्याच बिजागरीत नवी पिन आणि बुश टाकला की भागेल. भंगारातला दरवाजा आणलात तर तो याच झिजलेल्या बिजागरीवर लटकवणार. आणि बिजागरीसकट आणलात तरी ती दुसऱ्या कुणाच्या गाडीत तेवढीच वर्षं घासलेली.

अमळनेरकर

हे पटलं. पण मग नवी बिजागरीच का घेऊ नये? मारुती ८०० चं १९८६ साली आलेलं रूप थोड्याफार बदलांनी २०१४ ला उत्पादन थांबेपर्यंत चाललं. एवढ्या गाड्या रस्त्यावर आहेत, सुटे भाग सहज मिळायला हवेत. बुशच्या मागे कशाला लागायचं?

निवृत्त_फिटर_भुसावळ

चांगल्या प्रतीची नवी मिळाली तर जरूर घ्या, त्यात कमीपणा नाही. फक्त जुनी सोबत न्या आणि भोकांची अंतरं पट्टीवर पट्टी ठेवून जुळवा. डावी-उजवी आणि वरची-खालची एकसारखी नसतात. आणि दुकानातच नवी हातात धरून दोन्ही पट्ट्या उलटसुलट हलवून बघा. काही नकली बिजागऱ्यांत पिन नवी असतानाच ढिली असते.

बुशचा उपयोग अशा गाड्यांना जास्त, ज्यांचे भाग मिळणं बंद होत चाललंय. पद्मिनी, अँबेसेडर, आर्माडा. त्यांच्या मालकांनी हे शिकून घ्यावंच.

लेथ_शिरपूर

माझं लेथचं दुकान आहे. अशी कामं येतात, पण लोक सांगताना अर्धवट सांगतात आणि मग फसतं.

पिन एका पट्टीत घट्ट असायला हवी आणि दुसऱ्या पट्टीत फिरायला हवी. दोन्हीकडे फिरली तर दोन्हीकडे झिजते. बिजागरी आली की मी आधी बघतो, भोक गोल आहे की लांबट. पिन बारीक होते तेव्हा भोकही एका बाजूला ओढलं गेलेलं असतं. लांबट भोकात नवी पिन टाकली तर पहिल्या दिवशी छान वाटतं आणि पावसाळ्यापर्यंत पुन्हा कटकट सुरू होते. साक्रीच्या भाऊंचं काम नुसत्या पिनवर झालं म्हणजे त्यांचं भोक गोल राहिलं होतं.

पिन काढताना तिच्या एका टोकाचं डोकं ठोकून फुलवलेलं असतं, ते घासून सपाट करायचं आणि मग पंचने विरुद्ध बाजूने ठोकायची. न घासता हातोडी मारली तर पट्टीचा कान उघडतो. मग भोक मोठं आणि गोल करून घ्यायचं. ड्रिलने जवळपास नेऊन शेवटचा हात रीमरचा (भोक नेमक्या मापाचं आणि गुळगुळीत करणारं हत्यार), नुसत्या ड्रिलने भोक खडबडीत राहतं. त्यात पितळेचा किंवा गनमेटलचा बुश दाबून बसवायचा. दाबला की बुश आतून थोडा आवळतो, म्हणून बसवल्यावर पुन्हा एकदा रीमर फिरवायचा. पिन आणि बुशमध्ये मोकळीक मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी ठेवतो. तेल लावलेली पिन अंगठ्याने आत जावी, पण हलवली तर आवाज येऊ नये.

पिनसाठी बांधकामाची सळई किंवा साधा एमएसचा (मऊ पोलादाचा) रॉड आणू नका. ईएन-८ (त्याहून कठीण पोलाद) चा गोल बार मागा, तो जास्त टिकाऊ.

तापीकाठ_चोपडा

जळगावला अजिंठा चौफुलीकडे काम होतं, तेव्हा दोन दुकानांत विचारलं. उजवीकडची नवी बिजागरी आहे, डावीकडची वरची मागवावी लागेल म्हणाले, कधी येईल ते सांगता येईना. आखाजी थांबायची नाही, म्हणून बुशच करतो.

बिजागरी काढताना दरवाजा उतरवावा लागेल का? खिडकीच्या काचेला काही होणार नाही ना?

पाना_बारा

अख्खा दरवाजा उतरवायची गरज नाही. वरची एकच काढायची आहे. खालचीला हात लावू नका, बोल्ट आवळणंही शेवटी.

दोन दिवस आधीपासून बोल्टांच्या मुळाशी गंज सोडवायचं तेल सोडत राहा. कामाच्या दिवशी काच पूर्ण वर चढवून ठेवा. मार्करने किंवा अणकुचीदार खिळ्याने बिजागरीच्या पट्ट्यांभोवती खांबावर आणि दरवाज्यावर रेघ मारा. ही रेघ नसली तर नंतर सगळं अंदाजाने बसवावं लागतं. लॉकच्या खुंट्याभोवतीही रेघ मारा आणि खुंटा काढूनच ठेवा. मघाशी त्याला हात लावू नका म्हटलं होतं, आता काढायचं कारण असं की दरवाजा जुळवताना खुंटा मध्ये आला तर तोच दरवाज्याला उचलून धरतो आणि आपल्याला वाटतं बिजागरी जुळली.

दरवाज्याखाली जॅक, त्यावर फळी, त्यावर पोत्याची घडी. फळी दरवाज्याच्या लांबीभर हवी. जॅक एवढाच चढवायचा की दरवाज्याचं वजन फळीवर टेकेल. दरवाजा वर जायला लागला तर जास्त झालं. भाच्याने दरवाजा धरून ठेवायचा, सोडायचा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खांबाच्या आत काही गाड्यांमध्ये नट पत्र्याला पक्के जोडलेले असतात, काहींमध्ये ते एका मोकळ्या पट्टीवर असतात म्हणजे बिजागरी थोडी इकडे-तिकडे सरकवता येते. मोकळी पट्टी असेल आणि तुम्ही सगळे बोल्ट एकदम काढले तर ती खांबाच्या आत पडते, आणि मग ती बाहेर काढायला मडगार्ड उतरवावं लागतं. म्हणून आधी एक बोल्ट काढा, त्या जागी डोकं कापलेला त्याच आट्याचा लांब बोल्ट हाताने फिरवून आत बसवा, मगच बाकीचे काढा. बिजागरी त्या लांब बोल्टावरून अलगद बाहेर येते. नटाची पट्टी जागच्या जागी राहते. परत बसवताना तोच लांब बोल्ट वाट दाखवतो.

बोल्ट ८ मिलिमीटरचे असतील, १२ चा पाना लागेल. पान्याला पाइप लावून ताकद वाढवू नका, डोकं तुटून हातात येईल. सुटत नसेल तर आधी थोडा आवळा, मग सोडा, पुन्हा तेल.

निवृत्त_फिटर_भुसावळ

यात भर एवढीच. बिजागरी लेथवर नेताना दोन्ही पट्ट्या एकत्र न्या. पिन गाडीत विसरून फक्त पट्टी घेऊन येणारे बरेच पाहिलेत.

आणि परत बसवल्यावर जुनी रेघ सुरुवातीची खूण म्हणून धरा. जुनी रेघ म्हणजे झिजलेल्या अवस्थेतली जागा. त्याआधी कुणी बिजागरी सरकवून जुळवलेली असेल तर आता दरवाजा उलट वर जाईल.

नंदुरबारी

एक शंका. मला एका डेंटरने खालच्या बिजागरीमागे पातळ पत्र्याची चकती घालून दिली होती. दरवाजा लगेच वर आला. मग बुश वगैरे न करता तेवढंच का नाही?

पाना_बारा

खालच्या बिजागरीमागे चकती घातली की दरवाज्याचा खालचा भाग मागे सरकतो, आणि तो मागे गेला की मागची कड वर येते. भूमिती बरोबर आहे आणि डेंटरही बरोबर आहे, जर तुमच्या पिना घट्ट असतील तर. पिन झिजलेली असताना चकती घातली तर पिन झिजत राहते, दरवाजा पुन्हा खाली येतो, पुन्हा चकती. शेवटी खालची फट एवढी वाढते की पावसात पाणी आत येतं. बुश झाल्यावर थोडा फरक उरला तर चकती घाला.

तापीकाठ_चोपडा

काम झालं. ज्यांना पुढे उपयोग होईल त्यांच्यासाठी लिहितो.

नटाची पट्टी मोकळीच होती. लांब बोल्ट घातला नसता तर ती खांबात गेली असती, भाच्याने बॅटरी मारून आत पाहिलं तेव्हा हलताना दिसली. पिन बाहेर काढली तर मधला भाग एका बाजूने चपटा झालेला, नखाला कड लागते एवढा. या बिजागरीत मुळात बुश नव्हताच, पिन सरळ पट्टीच्या नळीत फिरत होती. लेथवाल्यांना धाग्यातलं वाचून दाखवलं, ते म्हणाले बरोबर लिहिलंय आणि तसंच करून दिलं. गनमेटलचा बुश, ईएन-८ ची पिन. बिजागरी हातात धरून हलवली तर अजिबात आवाज नाही.

बसवताना बोल्ट हातानेच फिरवले, खुंटा काढलेला होता. दरवाजा हळूच लावला आणि फटी पाहिल्या. मागची कड अजून किंचित खाली होती. खालच्या बिजागरीचा तो ढिला बोल्ट आवळल्यावर बरीच वर आली. उरलेल्या फरकासाठी वरची बिजागरी रेघेपेक्षा थोडी पुढे घेतली. आता वरपासून खालपर्यंत फट सारखी आहे. मग खुंटा बसवला, तो दरवाज्याच्या लॉकसमोर आपोआप आला, म्हणजे पूर्वी खाली घेतला होता त्यापेक्षा वर. अडवणीची पिनही लेथवाल्यांनीच करून दिली.

घासलेल्या कोपऱ्यावर गंज खरवडून प्रायमर मारलाय. मूठ बसवली. आई पहिल्यांदा सवयीने दरवाज्यालाच हात घालत होती, आता मूठ धरते आणि पाटावर पाय देऊन उतरते.

एकच राहिलंय. दरवाजा जागेवर आला तरी शेवटचं लॉक लागायला जोर लागतो. आधीसारखा उचलावा लागत नाही, पण दाबावा लागतो.

धुळ्याची_लेक

बिडिंग, म्हणजे दरवाज्याभोवतीचं रबर, तपासा. आमच्या गाडीचं रबर उन्हाने कडक होऊन लाकडासारखं झालं होतं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो, उन्हात उभ्या गाडीचं रबर किती टिकणार.

पाना_बारा

ताईंचं बरोबर आहे. कागदाची पट्टी दरवाज्यात धरून दरवाजा लावा आणि कागद ओढा. सगळीकडे सारख्या ताकदीने निघायला हवा. एकाच जागी अजिबात निघत नसेल तर तिथे रबर कडक झालंय किंवा दुमडलंय. सगळीकडेच फार घट्ट असेल तर खुंटा कागदाच्या जाडीइतका बाहेर घ्या, वर-खाली नको. आणि नवं बिडिंग घेताना जुन्याचा तुकडा न्या. जाड बिडिंग बसवलं तर हाच त्रास नव्याने सुरू होईल.

तापीकाठ_चोपडा

कागद वरच्या मागच्या कोपऱ्यात अडकतो. रबर तिथे दुमडलेलं होतं. काढून सरळ बसवलं, फरक पडला. खरं तर बदलायलाच हवं, आखाजीनंतर बदलतो. सगळ्यांचे मनापासून आभार. फिटर काका, आईने आपल्याला नमस्कार सांगितलाय.

केळीबाग_रावेर

धागा चालू आहे तोवर विचारून घेतो. आमच्या बोलेरोचा मागचा दरवाजा, ज्यावर स्टेपनी असते, तो लॉकच्या बाजूने बसलाय. पिना हलवून पाहिल्या, ढिल वाटली नाही.

निवृत्त_फिटर_भुसावळ

त्या दरवाज्यावर स्टेपनीचं वीस किलोच्या वर वजन, आणि शेतातल्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला त्याचा झटका. तिथे पिनआधी पत्रा थकतो. स्टेपनी काढा, दरवाजा लावा आणि लॉकच्या बाजूची फट वर आणि खाली मोजा. मग स्टेपनी लावून तेच माप पुन्हा घ्या. फरक पडला तर बिजागरीच्या बोल्टांभोवती रंगाला केसासारख्या चिरा दिसतात का ते उजेड तिरपा धरून बघा, आणि दरवाज्याच्या आतलं कव्हर काढून स्टेपनीचा कंस जिथे बसतो तिथला पत्राही. चीर असेल तर बोल्ट आवळून उपयोग नाही, आतून जाड पट्टी देऊन शिवावं लागेल. वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढायला सांगा. चीर नसेल तर लॉकच्या बाजूला दरवाजा ज्यावर टेकतो ते रबर किंवा नायलॉनचे आधार झिजलेत का पाहा. तोपर्यंत स्टेपनी आत ठेवून गाडी चालवा. दोन्ही मापं आणि कंसाचा फोटो इथेच टाका.